रजिस्टर झाल्यावर माणसाला त्याच्या पानावर परत सोडा ना भाऊ

माणूस ज्या कामासाठी साइटवर आला, तेच काम रजिस्टर होताच त्याच्या हातातून काहून काढून घेतात हे मला आजपर्यंत समजलं नाही. पोराला व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक आली, पोलीस भरतीचा सराव पेपर, त्यानं टॅप केलं, पान उघडलं, "पेपर सोडवण्यासाठी रजिस्टर करा" आलं, बिचाऱ्यानं नाव टाकलं, मोबाइल टाकला, पासवर्ड टाकला, तो "एक कॅपिटल अक्षर हवं" म्हणून परत टाकला, आणि एवढं सगळं झाल्यावर समोर काय, तर "आपले स्वागत आहे!" आणि खाली रिकामा डॅशबोर्ड. पेपर कुठंय? पेपर गेला. आता त्यानं परत ग्रुपमध्ये जायचं, गुड मॉर्निंगच्या फोटोंमधून वर वर जात ती लिंक शोधायची. कोण शोधते?

हे लिहायचं कारण म्हणजे सध्या नागपुरातल्याच एका टेस्ट सिरीजवाल्या क्लासचं काम करून राहिलो, साइट आधीच कोणीतरी बनवून दिलेली, वर्डप्रेसवर (साइट बनवायची तयार प्रणाली) आणि त्यात बाजूला थोडा हातानं लिहिलेला पीएचपी कोड. मॅडमचा फोन आला की दादा, पोरं रजिस्टर तं होऊन राहिले पण पेपर कोणी सोडवूनच नाही राहिलं, पेपर कठीण पडतात का? पेपर कठीण नव्हते हो, पोरं पेपरपर्यंत पोचतच नव्हती. नंदनवन, मानेवाडा तिकडच्या अभ्यासिकांमध्ये बसणारी पोरं, मोबाइलवरच सगळं करतात, त्यांना डॅशबोर्डशी काय घेणं.

तर मुद्दा असा की रीडायरेक्ट करणं, म्हणजे माणसाला आपोआप दुसऱ्या पानावर पाठवणं, ही एका ओळीची गोष्ट आहे, ती कोणालाही येते. खरं काम आहे पत्ता सांभाळण्याचं. माणूस पेपरच्या पानावरून निघाला आणि मधे फॉर्म, ओटीपी, मेल, गूगलचं बटन एवढे थांबे घेऊन परत आला, तोपर्यंत तो कुठून निघाला होता हे कोणाच्या तरी लक्षात राहायला पाहिजे, आणि एचटीटीपी, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरची बोलायची पद्धत, हा प्रकार मुळातच विसराळू आहे, प्रत्येक रिक्वेस्ट नवी, आधीची ओळख नाही. म्हणून तर १९९४ साली नेटस्केपमध्ये लू माँटुलीनं कुकी काढली, म्हणजे साइट ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी चिठ्ठी. म्हणजे लक्षात ठेवायचं असेल तर तुम्हालाच ठेवावं लागते, ब्राउझर किंवा सर्व्हर आपोआप ठेवेल या भरवशावर राहू नका.

आधीच्या माणसानं काय केलं होतं, तर रेफरर हेडर वाचला होता. दिसायला सोपं वाटते, माणूस कुठल्या पानावरून आला ते ब्राउझरच सांगून देते, मग त्यालाच परत पाठवा. पण फॉर्ममध्ये एक चूक झाली, पासवर्ड छोटा पडला, तोच फॉर्म परत आला, की आता रेफरर म्हणजे रजिस्ट्रेशनचंच पान. मग यशस्वी रजिस्टर झालेला माणूस परत रजिस्टरच्या पानावर, तिथून "तुम्ही आधीच लॉगिन आहात" म्हणून डॅशबोर्डवर. शिवाय २०२० मध्ये क्रोम ८५ पासून दुसऱ्या साइटवर जाताना डीफॉल्टनं फक्त डोमेनच जाते, पूर्ण पत्ता नाही, म्हणजे तुमचं लॉगिन वेगळ्या सबडोमेनवर असलं तरी तिथं पानाचा पत्ता पोचणार नाही. काही ब्राउझर आणि एक्स्टेंशन तर हेडर पाठवतच नाहीत. रेफरर सोडून द्या, त्याच्यावर काही उभं करू नका.

मग राहतात तीन जागा: यूआरएल (पानाचा पत्ता), सेशन (सर्व्हरनं त्या ब्राउझरसाठी तात्पुरतं ठेवलेलं टिपण) आणि डेटाबेस. माझं मत स्पष्ट आहे, शक्य आहे तिथपर्यंत यूआरएल, आणि मेल मधे आला की डेटाबेस. सेशन तिसऱ्या नंबरवर.

सेशनला मी नाराज काहून आहे ते सांगतो. टेकडीच्या गणपतीला जाताना चप्पल ठेवली आणि टोकन हातात घेतलं तं टेन्शन नाही, पण चप्पलवाला म्हणाला "टोकन नाही, मला चेहरा लक्षात राहते", तं गर्दीच्या दिवशी काय होईल ते तुम्हीच बघा. सेशनमध्ये साधारण एकच "परत जायचा पत्ता" ठेवलेला असते. पोरानं तीन टॅबमध्ये तीन पेपर उघडले, तिन्ही टॅबनं आपापला पत्ता त्याच एका खणात टाकला, शेवटचा राहिला. पहिल्या टॅबमध्ये रजिस्टर केलं आणि तिसऱ्या टॅबचा पेपर उघडला. त्याहून बेक्कार म्हणजे मागून चालणाऱ्या रिक्वेस्ट, नोटिफिकेशनची संख्या आणणारी एखादी अजॅक्स कॉल लॉगिन नाही म्हणून अडली आणि तिचाच पत्ता सेशनमध्ये गेला, मग रजिस्टर झाल्यावर पोराला पांढऱ्या पानावर महिरपी कंसातला जेसन, म्हणजे मशीनसाठीचा कच्चा डेटा, दिसते. लॅराव्हेल या पीएचपीच्या तयार चौकटीवाल्यांनी याचा विचार केलेला आहे, तिथं 'इंटेंडेड' नावानं पत्ता सेशनमध्येच ठेवतात पण साधी गेट रिक्वेस्ट (नुसतं पान मागणारी) असेल आणि जेसन मागितला नसेल तरच. हातानं लिहिलेल्या कोडमध्ये हे कोणी करत नाही.

यूआरएलमध्ये पत्ता ठेवला की प्रत्येक टॅबचा त्याचा त्याचा पत्ता. जँगो या पायथनच्या चौकटीत त्या पॅरामीटरला (पत्त्याला मागून जोडलेल्या माहितीला) 'नेक्स्ट' म्हणतात, वर्डप्रेसमध्ये 'रीडायरेक्ट_टू', मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटमध्ये 'रिटर्नयूआरएल', नाव काही असो, रजिस्टरच्या लिंकला मागे प्रश्नचिन्ह लावून जुना पत्ता जोडायचा, फॉर्ममध्ये हिडन फील्ड (न दिसणारा रकाना) म्हणून ठेवायचा, चूक होऊन फॉर्म परत आला तरी तो तिथंच राहिला पाहिजे.

आणि इथंच सगळ्यात जास्त साइट फसतात, ते म्हणजे लॉगिनच्या पानावरची "नवीन आहात? रजिस्टर करा" ही छोटी लिंक. पेपरच्या पानावरून लॉगिनला पाठवताना पत्ता बरोबर जोडलेला असते, लॉगिन करणाऱ्याचं सगळं छान चालते, डेव्हलपरनं टेस्ट पण लॉगिन करूनच केलं असते कारण त्याचं अकाउंट आधीपासून आहे. पण नवीन माणूस त्या लिंकवर टॅप करते आणि त्या लिंकला कोणी पत्ता जोडलेलाच नसते. झालं, तिथंच गळला. वर्डप्रेसच्या स्वतःच्या लॉगिन पानावरची रजिस्टरची लिंक पण डीफॉल्टनं पत्ता पुढं नेत नाही. आणि जँगो तर लॉगिनचा व्ह्यू तयार देते पण रजिस्ट्रेशनचा देतच नाही, तो तुम्ही लिहायचा, म्हणजे 'नेक्स्ट' सांभाळायचं पण तुमच्याच डोक्यावर. लॉगिनवरून रजिस्टर, रजिस्टरवरून "आधीच अकाउंट आहे?" म्हणून परत लॉगिन, तिथून पासवर्ड विसरलो, या सगळ्या लिंकांना पत्ता लागला पाहिजे, एकही सुटली की साखळी तुटली.

पत्ता जोडताना एन्कोड करा, म्हणजे खास चिन्हं टक्क्याच्या कोडमध्ये बदला. हे लिहायची गरज पडू नये पण पडते. पेपरच्या पत्त्यातच जर आधीपासून प्रश्नचिन्ह आणि अँडचं चिन्ह असेल, समजा आयडी एक आणि भाषा दुसरी, तर एन्कोड न करता जोडलं की अँडच्या पुढचा भाग रजिस्टरच्या पानाचा पॅरामीटर होऊन जाते आणि मराठी पेपर मागणाऱ्याला इंग्रजी पेपर मिळते. मराठी स्लग (पत्त्यातलं पानाचं नाव) असेल तर अजून मजा, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रा पण वेगळी धरून, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट, आणि यूआरएलमध्ये टाकलं की त्याचे नऊ कॅरेक्टर होतात. वर्डप्रेसमध्ये स्लगची मर्यादा २०० कॅरेक्टर, म्हणजे मराठीत जेमतेम बावीस चिन्हं, म्हणून आपल्या मराठी पोस्टचे पत्ते अर्ध्यात तुटलेले दिसतात. असा पत्ता एन्कोड करून जोडला की टक्क्यांचे पुन्हा टक्के होतात, आणि वाचताना कोणी एकदा जास्त डीकोड केलं किंवा कमी केलं की ४०४. एकदा एन्कोड, एकदा डीकोड, मधे हात लावायचा नाही.

हॅशचं, म्हणजे पत्त्यातल्या # आणि त्याच्या पुढच्या भागाचं, पण सांगून टाकतो, पेपरच्या लिंकमध्ये बाराव्या प्रश्नावर नेणारा हॅश असेल तर तो भाग सर्व्हरकडे जातच नाही, ब्राउझरकडेच राहते. पण गंमत अशी की सर्व्हरनं रजिस्टरच्या पानावर रीडायरेक्ट केलं आणि नव्या पत्त्यात हॅश नसला तर ब्राउझर जुना हॅश स्वतःच पुढं घेऊन येते, म्हणजे तो रजिस्टरच्या पानाच्या पत्त्यात शेवटी लटकलेला असते. जावास्क्रिप्टच्या दोन ओळींनी तो उचलून हिडन फील्डमध्ये टाका, काम झालं.

आता मेल. इथं यूआरएल आणि सेशन दोन्ही झोपतात. मॅडमला एसएमएसनं ओटीपी पाहिजे होता, पण आपल्याकडे दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांमुळे कंपनीची, हेडरची आणि प्रत्येक मेसेजच्या टेम्प्लेटची डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या पोर्टलवर नोंदणी करा, मंजुरीची वाट बघा, ते सगळं बघून मेलवरच आलो. (ओटीपीचा एक मोठा फायदा आहे हे मान्य, माणूस त्याच टॅबमध्ये राहते.) मेलमध्ये होते काय, पोरानं इन्स्टाग्रामवरच्या लिंकवरून साइट उघडली, ती इन्स्टाग्रामच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडली, तिथं रजिस्टर केलं, मग जीमेल उघडून व्हेरिफायची लिंक दाबली तर ती क्रोममध्ये उघडली. दोघांच्या कुकी वेगळ्या, क्रोमला या पोराबद्दल काही माहीत नाही. किंवा अभ्यासिकेतल्या कंप्युटरवर रजिस्टर केलं आणि मेल फोनवर पाहिला. सेशनमधला पत्ता तिकडंच राहिला.

म्हणून पत्ता व्हेरिफिकेशनच्या टोकनसोबत (मेलच्या लिंकमधला त्या माणसाचा खास कोड) डेटाबेसमध्येच ठेवा, त्याच रांगेत एक कॉलम वाढवा, लिंक दाबली की टोकनवरून माणूस पण कळते आणि त्याला कुठं जायचं होतं ते पण. मेलच्या लिंकमध्येच पत्ता टाकता येते, चालते, पण लिंक लांबलचक होते आणि तुटायची भीती, डेटाबेस बरा. वर्डप्रेसमध्ये २०१५ च्या ४.३ पासून नवीन माणसाला पासवर्ड सेट करायची लिंकच मेलवर जाते, त्यामुळे तिथं हा प्रश्न डीफॉल्टनंच येते, पासवर्ड सेट करून झाल्यावर "लॉग इन करा" अशी कोरडी लिंक आणि पत्ता गायब. मी यूझर मेटामध्ये (त्या माणसाच्या खात्यासोबतची जास्तीची माहिती) पत्ता ठेवला, पहिल्या लॉगिनला वाचला आणि लगेच पुसला. पुसणं महत्त्वाचं, नाहीतर पोरगं महिन्याभरानंतर पण त्याच पेपरवर जाऊन आदळेल.

गूगलनं साइन इन ठेवलं असेल तर एक वेगळीच गंमत होते. लोक पेपरचा पत्ता थेट 'रीडायरेक्ट यूआरआय' मध्ये (गूगलनं परत पाठवायचा पत्ता) घालायला बघतात आणि गूगल मिसमॅचचा एरर तोंडावर मारते, कारण तो पत्ता गूगलच्या कन्सोलमध्ये आधी नोंदवलेल्या पत्त्याशी तंतोतंत जुळावा लागते. आता प्रत्येक पेपरचा पत्ता कोण नोंदवणार! ओऑथ २.० (अशा साइन इनमागची पद्धत) च्या २०१२ च्या आरएफसी ६७४९ या मानकातच यासाठी 'स्टेट' नावाचा पॅरामीटर दिला आहे, जे पाठवाल ते जसंच्या तसं परत येते. त्यात पत्ता उघडा टाकू नका, एक रँडम टोकन टाका, टोकनसमोर पत्ता आपल्याकडे ठेवा, ते टोकन त्याच ब्राउझरच्या सेशनशी जुळते का ते परत आल्यावर तपासा, म्हणजे सीएसआरएफपासून (दुसऱ्या साइटनं माणसाच्या नावानं गुपचूप रिक्वेस्ट पाठवणं) पण बचाव होते.

इथपर्यंत सगळं सोयीचं बोललो, आता भीतीचं. यूआरएलमधला पत्ता कोणीही बदलू शकते. समजा कोणी लबाडानं तुमच्या साइटची रजिस्टर लिंक घेतली, मागचा पत्ता काढून तिथं स्वतःच्या साइटचा टाकला आणि ग्रुपवर फिरवली. लिंक सुरू होते तुमच्या डोमेननं, कुलूपाचं चिन्ह आहे, पोरगं विश्वासानं रजिस्टर करते, आणि तुमचाच सर्व्हर त्याला उचलून लबाडाच्या पानावर सोडते, जिथं हुबेहूब तुमच्यासारखं पान आणि "पासवर्ड चुकला, परत टाका". याला ओपन रीडायरेक्ट म्हणतात, सॉफ्टवेअरमधल्या कमजोऱ्यांच्या सीडब्ल्यूई यादीत याचा नंबर ६०१, वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प संस्थेच्या २०१३ च्या टॉप टेन धोक्यांमध्ये दहाव्या नंबरवर होता. २०१७ च्या यादीतून निघाला, म्हणून संपला असं समजून बसलेले लोक मी पाहिले आहेत.

तपासणी लोक अशी करतात: पत्त्यात आपलं डोमेन आहे का बघा. भाऊ, लबाड त्याच्या डोमेनच्या आधी तुमचं डोमेन सबडोमेन म्हणून लावते ना, दिसायला तुमचं, जाते त्याच्याकडे. मग म्हणतात बरं, पत्ता स्लॅशनं सुरू होते का तेवढं बघू, म्हणजे आपल्याच साइटवरचा. तेही नाही पुरत. दोन स्लॅशनं सुरू होणारा पत्ता ब्राउझर दुसऱ्या डोमेनचा समजते, आणि एक स्लॅश नि एक उलटा स्लॅश असला तरी ब्राउझर उलट्याला सुलटाच धरते. शिवाय जावास्क्रिप्ट कोलन असं सुरू होणारे, पानात कोड चालवणारे पत्ते आहेतच. हे सगळं स्वतः लिहू नका, तयार आहे ते वापरा. वर्डप्रेसमध्ये 'डब्ल्यूपी_सेफ_रीडायरेक्ट' आहे, जँगोमध्ये 'यूआरएल_हॅज_अलाउड_होस्ट_अँड_स्कीम' आहे (एवढं लांब नाव ठेवायची काय हौस), डॉट नेटमध्ये 'इजलोकलयूआरएल'. आणि तपासणी पाठवायच्या क्षणाला करा, पत्ता आत घेताना केली होती म्हणून सोडून देऊ नका, मधे तो हिडन फील्डमधून फिरून आलेला असते.

काही पत्ते आपल्याच साइटचे असून पण परत जायच्या लायकीचे नसतात. लॉगआउटचं पान हे सगळ्यात भारी उदाहरण, माणूस लॉगिन करते, साइट त्याला इमानदारीनं "जिथून आला तिथं" म्हणजे लॉगआउटवर नेते, आणि तो परत बाहेर. रजिस्टर, लॉगिन, पासवर्ड विसरलो, ही पानं यादीतून काढून टाका, नाहीतर गोल गोल फिरणं चालू होते आणि क्रोम वीस रीडायरेक्टनंतर हात वर करते.

रीडायरेक्ट करताना सर्व्हर एक आकडी कोड पाठवते, त्यात ३०१ वापरू नका. रजिस्टरकडे पाठवताना ३०२, फॉर्म सबमिट झाल्यावर परत पाठवताना ३०३, तो त्याच्यासाठीच बनला आहे, पोस्टनंतर (फॉर्म पाठवल्यावर) पुढची रिक्वेस्ट गेटच जाते आणि रिफ्रेश केल्यावर "फॉर्म परत पाठवायचा का" असं विचारत नाही. ३०१ म्हणजे कायमचा बदल, ब्राउझर ते पाठ करून ठेवते, मग पोरगं लॉगिन असलं तरी पेपरची लिंक दाबली की ब्राउझर सर्व्हरला न विचारताच रजिस्टरवर नेते. आधीच्या कोडमध्ये हेच होतं, आणि फोनमध्ये साठलेला ३०१ सर्व्हरवरून सहज पुसता येत नाही, शेवटी पेपरचे पत्तेच थोडे बदलावे लागले.

अर्धवट भरलेल्या फॉर्मची गोष्ट वेगळी. पोरानं पेपरखाली लांबलचक शंका टाइप केली, "पाठवा" दाबलं आणि मग रजिस्ट्रेशन आलं, तर त्याला त्याच पानावर परत आणून पण उपयोग नाही, शंका उडाली. ब्राउझरच्या सेशनस्टोरेजमध्ये ती ठेवता येते, त्या टॅबपुरती राहते, पण मेल मधे आला तर तिथं पण डेटाबेसच. खरं सांगू का, अशा ठिकाणी आधी लिहू देऊन मग अडवूच नये, खोक्याच्या वरच सांगून द्यावं की रजिस्टर लागेल.

हे सगळं बसवल्यावर मॅडमचं म्हणणं पडलं की, दादा, पोरगं आलं की आधी प्रोफाइल भरून घेऊ ना, फोटो, तालुका, शिक्षण, मग जाऊ द्या पेपरवर. मी म्हटलं मॅडम, रजिस्ट्रेशन तुम्हाला पाहिजे होतं, त्याला नाही, त्यानं तुमचं ऐकलं, आता तुमची पाळी. थोडी वादावादी झाली. शेवटी ठरलं की पेपरच्या वर एक बारीक पिवळी पट्टी, "प्रोफाइल पूर्ण करा", बंद करता येणारी, आणि प्रोफाइलचा फॉर्म निकालाच्या पानावर, कारण गुण पाहायला पोरगं थांबतेच. पेपर बंद झाला असेल तरी त्याच पानावर आणायचं, "हा पेपर संपला, पुढचा हा" असं तिथंच सांगायचं, गुपचूप डॅशबोर्डवर ढकलायचं नाही.

परवा परत फोन आला. पोरं आता थेट पेपरवर जाऊन राहिली, सोडवून राहिली, ते बरं आहे म्हणे, पण आपण एवढा खर्च करून डॅशबोर्ड बनवला, तो तं आता कोणी पाहूनच नाही राहिलं, त्याचं काही होईल का?